पत्त्यांतले शास्त्री

शास्त्री हे त्यांचं आडनाव नव्हे, पदवी. ती कुठल्या पाठशाळेनं दिलेली नाही. मेंढीकोटाच्या बैठकीनं दिली आहे. मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात डोकावा, असा एक शास्त्री सापडतोच. कुठे तो निवृत्त तलाठी असतो, कुठे एसटीचा वाहतूक नियंत्रक, कुठे पतपेढीतला वसुली कारकून. आक्षी-नागावच्या आमच्या पट्ट्यातले शास्त्री अलिबागच्या कोर्टात कारकून होते. दुसऱ्यांची भांडणं क्रमांक घालून दप्तरात लावण्यात उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर भांडणांवाचून करमेना, तेव्हा पत्त्यांकडे वळले. जिल्ह्याचं नाव १९८१ साली कुलाब्याचं रायगड झालं, ते त्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही. पाकिटावर 'जि. कुलाबा' लिहितात आणि पत्र पोचलं की म्हणतात, "बघा, जुना कायदा चालतो अजून."

या जातीच्या माणसाची पहिली खूण म्हणजे तो स्वतः खेळत नाही. चार जण सतरंजीवर बसले की हा पाचवा कुणाच्या तरी खांद्यामागे पाट ओढून बसतो. आमच्याकडे हे चार म्हणजे मास्तर, कंपाउंडर, तांडेल आणि मिनीडोरवाला. आमच्या शास्त्रींच्या हातात अडकित्ता असतो आणि मांडीवर चंची. श्रीवर्धनी रोठा कातरायचा, पानांकडे बघायचं, बोलायचं नाही. अडकित्ता चालू आहे तोवर डाव कायदेशीर. तो थांबला की चौघंही पानं छातीशी धरून एकमेकांकडे बघायला लागतात. कुणी केलं? काय केलं? शास्त्री एक खांड गालात सारतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि म्हणतात, "असं चालत नाही."

"का चालत नाही?" असं विचारणारा माणूस गावात नवा असतो.

मग वही निघते. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट चोपडी, वाण्याकडे उधारीला असते तीच. पहिल्या पानावर 'श्री', खाली 'पत्त्यांच्या खेळांचे नियम, दुरुस्त्यांसह', आणि त्याखाली सही. सही प्रत्येक पानावर आहे. डाव्या समासात कलमाचा क्रमांक, उजव्या समासात ते कलम कुणामुळे लिहावं लागलं त्याची नोंद. उजवा समास हाच या ग्रंथाचा प्राण आहे, असं माझं मत आहे. 'पत्ते बावन्न असावेत, वाटण्यापूर्वी मोजावेत' हे कलम एक. समासात: 'गोकुळाष्टमी, मास्तरांची ओटी, पहाटेपर्यंत एक्कावन्न पानांनी खेळले.' 'पान सतरंजीला टेकले म्हणजे पडले. हवेत असताना परत घेता येईल.' समासात: 'तांडेल.' एवढंच. तांडेलाला ओळखणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. 'खाकरणे, कान खाजवणे, देवाचे नाव विशिष्ट सुरात घेणे हे भिडूस इशारे समजावेत. खोकला खरा असल्यास वाटणीपूर्वी कळवावे.' इथे समासात दोन नावं आहेत आणि दोन्ही नंतर खोडली आहेत, कारण दोघं आता व्याही झाले.

आता मेंढीकोट कुणाला येत नाही? चार भिडू, समोरासमोरचे जोडीदार, तेरा-तेरा पानं. दश्शी म्हणजे मेंढी. तीन मेंढ्या ज्यांच्याकडे त्यांचा डाव; दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात सात, त्यांचा. चारही मेंढ्या एका बाजूला गेल्या की कोट, आणि तेराच्या तेरा हात गेले की बावन्नपानी कोट, ज्यानंतर काही घरांत चार दिवस बोलणं बंद असतं. हरेल त्यानं पिसायचं. हे सगळं आपण कुठल्या पुस्तकातून शिकलो? आजोळी, मे महिन्यात, मामाच्या मागे बसून. आणि आजोळ बदललं की नियम बदलला. कुणाकडे बंद हुकूम, म्हणजे एकानं आपल्यातलं एक पान पालथं ठेवायचं आणि तोच हुकूम. कुणाकडे कट हुकूम, म्हणजे ज्याला पहिल्यांदा रंग नसेल तो जे पान टाकेल तो हुकूम. एकाच आळीतल्या दोन घरांत दोन पद्धती असतात, आणि लग्न होऊन आलेली सून तिसरी घेऊन येते.

शास्त्रींची खंत इथे आहे. "खो-खोचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्यानं १९१४ साली लिहून काढले," ते म्हणतात. "हुतूतूचेही लिहिले गेले. मग काय झालं? १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखवून आली. नियम कागदावर असला की खेळ बोटीत बसतो. आमचा मेंढीकोट अजून माजघरातच आहे. का? तर ज्याला त्याला वाटतं, आपल्या मामाचा नियम तोच खरा."

हे मामाचं प्रकरण मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. गणपतीत कंपाउंडरचे जावई साताऱ्याहून आले होते. पाच-तीन-दोन सुरू झालं. तिघांना दहा-दहा, म्हणजे तीस पानं हवीत. आठपासून एक्क्यापर्यंत चार रंगांची होतात अठ्ठावीस. उरलेल्या दोन जागांना दोन सत्त्या घ्यायच्या. आमच्याकडे इस्पिकची आणि बदामची. जावयानं शांतपणे चौकटची आणि किलवरची काढून ठेवली. अडकित्ता थांबला. जावई म्हणाले, "आमच्याकडे याच घेतात." खेळात काडीचा फरक पडत नव्हता. पण सासरा मध्ये, जावई एकीकडे, कायदा दुसरीकडे. शास्त्रींनी अर्धा कप चहा संपेपर्यंत विचार केला आणि निकाल दिला: जावयाच्या गावचा नियम पहिल्या डावापुरता ग्राह्य, पुढे स्थानिक कायदा. त्याच संध्याकाळी कलम लिहिलं गेलं. समासात: 'सातारा.' त्या जावयाला पुढची तीन वर्षं गावात सगळे 'पहिला डाव' म्हणत.

तीनशे चारच्या बाबतीत मात्र शास्त्री हळवे होतात. हा खेळ किनाऱ्याचा. इथे राजाराणीला कुणी विचारत नाही. गुलाम सगळ्यांत मोठा, त्याचे तीस. मग नव्वी, तिचे वीस. एक्क्याचे अकरा, दश्शीचे दहा, आणि बिचाऱ्या राजाचे तीन, राणीचे दोन. एका रंगाचे झाले शहात्तर, चार रंगांचे तीनशे चार. तोच खेळ गुणांची छाटणी करून केरळात अठ्ठावीस म्हणून खेळतात. गुलाम आणि नव्वीला असा मान युरोपातल्या यास नावाच्या डच-स्विस खेळातही आहे, आणि डच जहाजांनी तो मान मलबार-सिंहलाच्या बंदरांवर उतरवला असावा असा एक तर्क आहे. शास्त्रींना हा तर्क मान्य नाही. "ज्या कारकुनानं बेरीज पहिल्यांदा केली तो कोकणातलाच असणार," ते म्हणतात. "राजाला तीन गुण देऊन गुलामाला तीस देणारा माणूस नोकरीतला असतो." याला पुरावा नाही, पण कोर्टातल्या माणसानं सांगितलं की पुराव्यासारखं वाटतं.

त्यांची खरी ईर्षा आहे ती एका इंग्रजाशी. अलिबागला एका मुंबईकराच्या बंगल्याची रद्दी निघाली, तीत त्यांना हॉइलच्या नावाचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. तेव्हापासून एडमंड हॉइल आमच्या बैठकीत असा येतो, जणू वरसोलीला राहतो. हा गृहस्थ लंडनमध्ये श्रीमंतांना व्हिस्ट शिकवायचा. शिकवणीच्या टिपणांवरून १७४२ साली त्यानं छोटंसं पुस्तक छापलं, किंमत एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग. तेवढ्या पैशांत बरंच काही येत असणार, कारण लगेच चोरट्या आवृत्त्या निघाल्या, दोन-दोन शिलिंगांना. मग हॉइल आणि त्याचा प्रकाशक यांनी शक्कल काढली: खऱ्या प्रतीवर हॉइलची हातानं केलेली सही असेल, बिनसहीची ती नकली. माणूस सह्या करून करून थकला असावा. पुढे सहीचा ठसाच करून छापायला लागले.

आमच्या वहीच्या प्रत्येक पानावर सही का आहे, ते आता कळलं असेल. एकदा मंडळाच्या पोरांनी वहीतल्या चार पानांचे मोबाइलवर फोटो काढले. शास्त्री रात्रभर झोपले नाहीत. सकाळी पोरांना बोलावून म्हणाले, "सहीसकट काढलेत ना? मग ठीक आहे." 

हॉइलचं त्यांना एकच पटत नाही. तो १७६९ साली गेला. पण त्याच्या नावानं पुस्तकं निघतच राहिली, आणि त्यांत पोकरचे नियम आहेत, जो खेळ बापड्यानं जन्मात पाहिला नाही. रमी, कनास्टा, जे जे पुढे जन्माला आलं ते ते हॉइलच्या पोटात घातलं गेलं. इंग्रजीत 'हॉइलप्रमाणे' म्हणजे 'नियमाप्रमाणे' असा वाक्प्रचारच पडला. "मेल्यावर दोनशे वर्षं लिहितोय माणूस," शास्त्री म्हणतात, आणि त्यांच्या आवाजात तक्रार किती नि हेवा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हॉइलवरून बैठकीत एक मतभेद झाला, तो दंडाचा. हातात रंग असताना कापणं हा सगळ्या देशांतल्या पत्त्यांतला सर्वांत जुना गुन्हा. व्हिस्टमध्ये त्याला दंड तीन हातांचा. शास्त्रींनी हे कलम जसंच्या तसं उचललं आणि बैठकीत वाचून दाखवलं. तांडेल साखरच्या कोळीवाड्यातला. त्याच्या बोटीवर नियम वेगळा. "आमच्यात त्याला दंड नाय करत," तो म्हणाला, "त्याला भांडी घासाय लावतो. तीन हात देऊन सुटंल, भांडी घासून नाय सुटत." मास्तरांनी तांडेलाला अनुमोदन दिलं. शास्त्रींनी दोन्ही दंड 'किंवा' घालून लिहून ठेवले. मला विचाराल तर तांडेलाचा कायदा जास्त शहाणा आहे, कारण तो लागू झाल्याचं मी पाहिलं आहे. तीन हातांचा दंड मागताना नेहमी दुसरंच भांडण सुरू होतं.

शास्त्रींना समितीची भीती वाटते. हेही हॉइलवरूनच. शंभर-सव्वाशे वर्षं त्याच्या पुस्तकावर व्हिस्ट चालला आणि १८६४ साली लंडनच्या आर्लिंग्टन आणि पोर्टलंड या क्लबांच्या मंडळींनी बसून नवे कायदे केले. एकट्यानं लिहिलेलं शास्त्र गेलं, ठराव आला. पुढे ब्रिजचं तर सगळं समित्यांच्याच हाती. व्हँडरबिल्ट नावाच्या अमेरिकन धनिकानं १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर मित्रांबरोबर गुणांची नवी पद्धत खेळून पाहिली आणि काँट्रॅक्ट ब्रिज झाला. त्याचे कायदे आता जागतिक संघटना दर काही वर्षांनी सुधारून काढते. त्याच ब्रिजमध्ये २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धांत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते. ही बातमी शास्त्रींनी कापून वहीत चिकटवली आहे. शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह आहे. ते त्यांच्या स्वतःच्या वयाबद्दल असावं.

तर समिती. गणेशोत्सवात मंडळाच्या पोरांनी मेंढीकोटाची स्पर्धा ठेवली आणि नियमांचा फलक लावला. चार ओळी. चौथी ओळ: 'वाद झाल्यास समितीचा निर्णय अंतिम राहील.' शास्त्री फलकासमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे होते. 

"हा नियम नाही," शेवटी म्हणाले, "ही नियमाची तिरडी आहे." 

पोरांचा अध्यक्ष नम्र होता. "काका, वाद होऊच नये म्हणून लिहिलंय." 

"वाद होऊ नये म्हणून?" शास्त्रींनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. "मग लोक खेळायला कशाला येतील?"

स्पर्धा सुरळीत पार पडली. एकही वाद झाला नाही. पुढच्या वर्षी पोरांनी कॅरम ठेवला.

वहीच्या मागच्या भागात 'ऐतिहासिक' असं प्रकरण आहे. त्याचं मूळ सावंतवाडीत. मुलीकडे कणकवलीला गेले असताना शास्त्री सावंतवाडीचा राजवाडा पाहायला गेले. तिथे दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गंजिफा रंगवतात. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ही कला मरू दिली नाही. दशावतारी गंजिफा म्हणजे गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण एकशेवीस. राजा, प्रधान आणि एकपासून दहा. शास्त्रींनी एक लहान संच विकत घेतला आणि नियम विचारून घेतले, तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. पाच रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा डावाची सुरुवात रामाच्या राजाकडे, रात्री कृष्णाच्या राजाकडे. गोल पानं आपल्यासारखी पिसता येत नाहीत म्हणून चादरीवर ओतून कालवायची. एवढे बारकावे, आणि कुणी भांडत नाही!

घरी आल्यावर त्यांना पहिला प्रश्न पडला: दिवस म्हणजे कुठपर्यंत? डाव उजेडात वाटला आणि पहिलं पान दिवेलागणीनंतर पडलं तर राम की कृष्ण? त्यांनी पंचांग मांडीवर घेतलं. आठ दिवसांनी कलम तयार झालं, सूर्यास्ताच्या वेळेसकट, अलिबागच्या रेखांशाची दुरुस्ती करून. गावात गंजिफा खेळू शकणारा दुसरा माणूस नाही. कलम मात्र तयार आहे.

त्याच प्रकरणात बाबर आहे आणि अकबरही. बाबरानं १५२७ साली सिंधमध्ये शाह हसनकडे गंजिफा पाठवली, त्याला ती आवडायची आणि त्यानं मागितली होती म्हणून. हिंदुस्थानातल्या पत्त्यांची ही जुन्यात जुनी नोंद मानतात. शास्त्रींची टीप: 'सोबत नियम पाठविले काय? उल्लेख नाही. निष्काळजीपणा.' अबुल फजलनं आइने-अकबरीत बारा रंगांची, प्रत्येकी बारा पानांची गंजिफा वर्णिली आहे आणि बादशहानं त्यात स्वतः फेरफार केल्याचंही लिहिलं आहे. टीप: 'पातशहास राज्यकारभारातून सवड मिळत असे.' औरंगाबादच्या हरिकृष्ण पंडितांनी १८७१ साली बैठ्या खेळांवर 'क्रीडाकौशल्य' हा संस्कृत ग्रंथ रचला, नियम श्लोकांत बांधले. टीप: 'उत्तम. पाठ करता येतात. परंतु भांडताना म्हणता येत नाहीत.'

आणि शेवटी आक्षीचा शिलालेख. शके ९३४, म्हणजे सन १०१२ चा मानतात. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना. केशीदेवरायाच्या राज्यात महालक्ष्मीला धान्य नेमून दिल्याची ती नोंद आहे. गावात कुणी पाहुणा आला की शास्त्री त्याला तिथे नेतात. पाहुण्याला वाटतं भाषेविषयी काही सांगतील. शास्त्री सांगतात कायद्याविषयी. "शिलाहारांचं लिहिणं असं होतं. दानाची अट दगडात कोरायची, चंद्र-सूर्य साक्षीला, आणि जो मोडेल त्याच्यासाठी खाली गधेगाळ. शिवीसुद्धा कोरीव." मग हळूच, "मेंढीकोटाला असला एक दगड हवा." गधेगाळीचं चित्र कुणाला बघून काढायचं, हे मात्र त्यांनी मनाशी ठरवलेलं दिसतं, कारण असं बोलताना ते तांडेलाच्या घराकडे बघतात.

एकदा पोलीस आला होता. तक्रार कुणी केली ते कळलं नाही. देवळामागच्या पारावर चौघं बसलेले, शास्त्री मागे. मोटरसायकल उभी राहताच मिनीडोरवाल्यानं पानं ढुंगणाखाली घातली. शास्त्री मात्र फुलले. पंचवीस वर्षं ज्याची वाट पाहिली ती संधी. "बसा," ते हवालदाराला म्हणाले. "मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७. रस्त्यावरच्या जुगाराला कलम बारा. बरोबर? आता कलम तेरा वाचा. केवळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. सुप्रीम कोर्टानं १९६७ साली आंध्रच्या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटला, कारण गेलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. तीनपत्तीला तो मान दिला नाही. मग जिथे मेंढ्या मोजायच्या, हुकूम मोजायचे, भिडूचा स्वभाव ओळखायचा, आणि एक पैसा लावायचा नाही, तो मेंढीकोट..."

हवालदार टोपी काढून पारावर टेकला. तो माणगावकडचा. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "ते राहू द्या हो काका. मला एक सांगा, कट हुकुमात ज्यानं पहिल्यांदा कापलं त्याचा हात जातो की पुढच्या हातापासून हुकूम धरायचा? आमच्याकडे यावरनं चुलत्याशी बोलणं नाही."

वही निघाली. चहा आला. मिनीडोरवाला अर्धा तास पानांवर बसून राहिला.

आता खरा खटला. त्यासाठी ३ जून २०२० ला जावं लागेल. त्या बुधवारी दुपारी निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर चढलं. शास्त्रींचं घर स्लॅबचं, म्हणून तांडेलाचं कुटुंब सकाळीच तिथे आलेलं, मास्तर आणि कंपाउंडर शेजारचे, मिनीडोरवाला वाटेत अडकलेला. बायका स्वयंपाकघरात देवाचं नाव घेत होत्या, पुरुष माजघरात मेंढीकोट. तांडेल आणि मास्तर एकीकडे, मिनीडोरवाला आणि कंपाउंडर दुसरीकडे. हुकूम इस्पिक. बाहेर पत्रे उडत होते, पोफळी मोडल्याचे आवाज येत होते, आणि डाव असा रंगला की मेंढ्या दोन-दोन, हात सहा-सहा. प्रत्येकाकडे शेवटचं एक पान. तांडेलानं किलवरचा राजा टाकला. मिनीडोरवाल्यानं बदामची पंजी फेकली. मास्तरांची किलवरची छक्की. कंपाउंडरनं पान उचललं, आणि खिडकीची कडी तुटून तावदान आत आलं.

पानं घरभर झाली. वारा कमी झाल्यावर कंदिलाच्या उजेडात गोळा केली, मोजली. एक्कावन्न. गेलेलं पान इस्पिकची दुर्री. कंपाउंडर म्हणाला, तेच माझ्या हातात होतं, हुकुमानं मी कापत होतो, डाव आमचा. तांडेल म्हणाला, दुर्री तिसऱ्याच हाताला पडली होती, तुझ्याकडे बदामची चव्वी होती. मास्तरांना आठवेना. गावात शेकडो पोफळी आडव्या झाल्या होत्या, पुढे कित्येक दिवस वीज आली नाही, नळाला पाणी नव्हतं. शास्त्रींच्या स्वतःच्या वाडीत निम्मी झाडं उरली नव्हती. त्या रात्री त्यांनी वहीत फक्त एवढंच लिहिलं: 'डाव रद्द नव्हे. स्थगित.'

दुर्री दुसऱ्या दिवशी सापडली, विहिरीच्या कठड्याशी, चिखलानं माखलेली. शास्त्रींनी ती वाळवली, पाकिटात घातली, लाखेनं पाकीट बंद केलं, वर लिहिलं 'मुद्देमाल क्र. १', आणि सही केली. पान सापडल्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं. शास्त्रींच्या चेहऱ्यावर त्याचं जे समाधान होतं ते मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून दर वर्षी ३ जूनला सुनावणी असते. तारीख सगळ्यांना सोयीची आहे, कारण मासेमारीची बंदी एक जूनला लागते आणि तांडेल किनाऱ्यावर असतो. कंपाउंडर आता मुलाकडे पनवेलला राहतो, तो एसटीनं येतो. शास्त्रीकाकू कांदाभजी करतात. प्रत्येकाची साक्ष होते, दर वर्षी थोडी वेगळी. मास्तरांना एका वर्षी सगळं लख्ख आठवलं, पण ते दुसऱ्याच डावाचं निघालं. पाकीट सतरंजीच्या मधोमध ठेवलं जातं, लाख तपासली जाते, आणि न फोडता परत वहीत जातं.

गेल्या खेपेला कंपाउंडर थकलेला दिसला. गुडघे दुखतात, एसटीला गर्दी. भजी खाऊन झाल्यावर म्हणाला, "शास्त्री, मी काय म्हणतो, मी हार मानतो. जिंकला तांडेल. सोडा आता."

अडकित्ता थांबला.

"असं चालत नाही," शास्त्री म्हणाले. पानं उलटली, मागे गेले, पुढे आले. कलम नव्हतं. त्यांनी पेन्सिल काढली आणि तिथल्या तिथे लिहिलं: 'भिडूच्या संमतीवाचून हार मानता येणार नाही.' मग मिनीडोरवाल्याकडे वळले. "तुमची संमती आहे?"

मिनीडोरवाल्यानं क्षणभर कंपाउंडरकडे पाहिलं, मग भज्यांच्या ताटाकडे. "अजिबात नाही," तो म्हणाला. "जिंकत होतो आम्ही."

"आणि मलाबी नको तसला डाव," तांडेल म्हणाला. "दया केल्यागत."

"पुढची तारीख ३ जून," शास्त्रींनी समासात लिहून घेतलं.

"वार कुठला येतो?" कंपाउंडरनं विचारलं. "सवलतीचं तिकीट आधी काढावं लागतं मला."

"वार कुठलाही येऊ दे," तांडेल म्हणाला. "तू येताना पनवेलच्या बाजारातनं मला नायलॉनचा दोरा घेऊन ये. बंदीत जाळी विणायची हायत."